बासरीचा वरचा सूर : जोर नको, नेम हवा

या पानावर आपण नेहमी बियाणं, खतं, रोग-किडी आणि पाणी यांविषयी बोलतो. आज विषय बासरीचा आहे. शेतीच्या पानावर बासरी कशाला, असं कुणी म्हणेल. पण गुरांमागं जाणाऱ्याच्या कमरेला बासरी असते. भजनी मंडळात पेटीशेजारी असते. रात्रीची लाईट असली की मोटारीवर बसणाऱ्या पोरांच्या पिशवीतही असते. म्हणजे हे वाद्य आपलंच आहे. आणि गावोगाव फिरताना या पोरांकडून एक तक्रार हटकून ऐकायला मिळते, ती म्हणजे "खालचे सूर झकास निघतात, पण वर गेलं की बासरी चिरकते."

तक्रार लहान दिसते, पण बासऱ्या खुंटीला लागतात त्या इथंच. पोरगा जत्रेतून बासरी आणतो, चार-सहा महिन्यांत खालच्या सुरांत एखादी चाल बसवतो. मग सप्ताहात हौसेनं मंडळात जाऊन बसतो. गौळण रंगात येते, गाणारा वर चढतो, आणि नेमका तिथं बासरीचा सूर फुटतो. दोघंजण हसतात. पोरगा पुन्हा मंडळाकडं फिरकत नाही. गावातले जुने बासरीवाले बुवा आता दमानं थकलेले असतात, त्यांच्यामागं कुणी तयार होत नाही, आणि एक-दोन वर्षांत मंडळ बटणं दाबायचा कीबोर्ड आणतं. वर चढायची वाट कुणी नीट दाखवली असती तर त्यांतला एखादा तरी टिकला असता. म्हणून ही वाट आज जरा तपशिलानं पाहू.

आधी सुरांचा हिशेब

आपली बासरी आडवी, सहा भोकांची. फुंकायचं भोक वेगळं. फुंकायच्या भोकाकडून मोजायला सुरुवात करा. सहाही भोकं बंद केली आणि हलकी फुंकर घातली की खालचा म्हणजे मंद्र सप्तकातला पंचम निघतो. शेवटाकडचं एक बोट उचललं की धैवत, दोन उचलली की निषाद, तीन उचलली की षड्ज, म्हणजे आपला 'सा'. पुढं चौथं बोट उचललं की रे, पाचवं उचललं की ग. उरलेलं पहिलं भोक अर्धं उघडलं की शुद्ध मध्यम आणि पूर्ण उघडलं की तीव्र मध्यम.

इथं बोटं संपली. मग मध्य सप्तकातला पंचम कुठून आणायचा? तर पुन्हा सगळी भोकं बंद. बोटं मंद्र पंचमाचीच, बदलते ती फक्त फुंकर. पुढं धैवत, निषाद आणि वरचा 'सा' हे सगळे त्याच बोटांवर, बदललेल्या फुंकरीनं निघतात.

ही गोष्ट ध्यानात आली की निम्मी भीती जाते. तार षड्ज म्हणजे काही आभाळातला सूर नव्हे. ज्याला मध्य पंचम लागतो, त्याला वर जायची किल्ली आधीच सापडलेली आहे. तीच किल्ली थोडी अधिक फिरवायची.

आत काय घडतं तेही समजून घ्या. खालचा सूर वाजतो तेव्हा नळीतली हवा सबंध एकाच लांबीत थरथरते. फुंकर बदलली की तीच हवा दोन भागांत विभागून थरथरू लागते, आणि कंपनं दुप्पट होतात. कंपनं दुप्पट झाली की सूर एक सप्तक वर जातो. बोटं तीच राहून सूर वर जातो तो यामुळं.

फुंकर म्हणजे पाण्याची धार

आता खरी मेख. वरच्या सुरासाठी बहुतेकजण काय करतात? गाल फुगवून जोरानं फुंकतात. सूर लागतो कधी कधी, पण चिरका लागतो, पेटीपेक्षा वर सरकतो, सोबत हवेचा फुसफुस आवाज येतो आणि चार ओळींत दम संपतो.

भाजीच्या वाफ्याला रबरी पाइपनं पाणी देताना तुम्ही काय करता ते आठवा. पाइप मोकळा सोडला तर पाणी पायाशीच पडतं. पाणी लांब न्यायचं तर पंपाचा जोर कुणी वाढवत नाही, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतो. तोंड लहान झालं की धार बारीक होते, वेगानं सुटते आणि लांब जाते. फवारणी पंपाच्या नोझलचंही तसंच. ओठांची फट हे तुमचं नोझल समजा. वरच्या सुराला हवा जास्त लागत नाही, हवेची धार बारीक आणि वेगवान लागते.

असं का, तेही सांगतो. ओठांतून सुटलेली हवेची धार भोक ओलांडून पलीकडच्या कडेवर आपटते. तिथं ती कधी नळीच्या आत, कधी बाहेर, अशी हेलकावत राहते आणि त्यातूनच सूर उठतो. कंपनं दुप्पट हवीत तर धारेनं ते अंतर कमी वेळात कापायला हवं. त्याचे रस्ते दोन. धारेचा वेग वाढवायचा, नाही तर अंतर कमी करायचं. चांगला वाजवणारा दोन्ही थोडं थोडं करतो. म्हणून वर जाताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, ओठांची फट लहान करा. ओठ करकचून आवळायचे नाहीत, कोपरे किंचित आत घ्यायचे आणि मधली फट बारीक करायची. जिभेच्या टोकावर चिकटलेलं भाताचं टरफल आपण ओठांतून फुंकून उडवतो, तेव्हा ओठ जसे होतात तसे.

दोन, ओठ कडेजवळ न्या. बासरी स्वतःकडं अगदी जराशी वळवा, म्हणजे भोक थोडं अधिक झाकलं जातं आणि धारेचं अंतर कमी होतं. जराशी म्हणजे जराशीच. जास्त वळवली तर सूर घुसमटतो आणि उतरतो.

तीन, दाब पोटातून द्या. श्वास छातीत कोंबायचा नाही, पोट भरून घ्यायचा आणि एकसारखा सोडायचा. चूल पेटवताना आपल्या घरातली बाई फुंकणी कशी वापरते ते पाहा. लांब, बारीक, नेम धरून फुंकते. निखारा फुलतो, पण राख उडत नाही. भसकन फुंकलं तर राख डोळ्यांत जाते. बासरीचा वरचा सूर म्हणजे फुंकणीचं काम आहे.

फुंकर बारीक झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. तळहात तोंडापुढं वीतभर अंतरावर धरा आणि फुंका. सबंध तळहाताला गार लागलं तर धार पसरट आहे. रुपयाएवढ्या जागेलाच गार लागलं तर धार जमली.

हात तपासा, बासरीही तपासा

फुंकर बरोबर असूनही सूर फुटत असेल तर बोटांकडं पाहा. खालच्या सुरात एखादं भोक किंचित उघडं राहिलं तरी कसंबसं चालून जातं. वर मात्र केसाएवढी फट राहिली तरी सूर चिरकतो. खुरपणी, ऊसतोड, कापूस वेचणी करणाऱ्यांची बोटं कडक होतात, भेगाळतात. अशा बोटाच्या टोकानं भोक नीट बंद होत नाही. म्हणून बोटाचं टोक लावू नका, पेराचा मऊ, मांसल भाग सपाट ठेवा. संध्याकाळी कोमट पाण्यात हात धुऊन खोबरेल तेल लावलं तर भेगाही मऊ पडतात. भोकं बंद करून अंमळ दाबून धरा, मग बोटं उचलून पाहा. प्रत्येक बोटावर पूर्ण गोल वळ उमटला पाहिजे. वळ अर्धा असेल तर गळती तिथंच आहे. एकदा गळती सापडली की नेहमी इतकं दाबायची गरज नाही. आवळून धरलेली बोटं पुढं पळत नाहीत.

दोष दर वेळी वाजवणाऱ्याचाच असतो असं नाही. जत्रेत दोन प्रकारच्या बासऱ्या मिळतात. एक तोंडात धरायची, शिट्टीसारखी. तिच्यात हवेची वाट आधीच ठरलेली असते, ओठांनी धार घडवता येत नाही. तिचा वरचा सूर निव्वळ जोरावर निघतो. शिकायचं असेल तर आडवी बासरीच घ्या.

आडव्या बासरीतही पारखून घ्या. बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा आणि आतून सरळ पोकळ बांबू लागतो. आपल्या कोकणातला माणगा किंवा डोंगरातला मानवेल हे बरेचसे भरीव असतात. काठीला, मांडवाला ते उत्तम, बासरीला उपयोगाचे नाहीत. उत्तर प्रदेशातलं पिलिभीत हे गाव बासरीच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे, तिथंही बांबू आसामातून येतो. म्हणून बांधावरच्या बेटातला मिळेल तो बांबू तोडून भोकं पाडली आणि वरचे सूर जुळले नाहीत, तर नवल मानू नका.

घेताना आणखी दोन गोष्टी पाहा. फुंकायच्या भोकाची कड स्वच्छ आणि रेखीव हवी. तिथं धूळ, तेल साचलं तर धार फाटते. दुसरं, बासरीच्या बंद टोकाला आत बूच असतं. फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून ते बूच साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतक्या अंतरावर असावं. बूच सरकलं की खालचा सूर आणि वरचा सूर एकमेकांशी जुळत नाहीत. दुकानात उभ्या उभ्या 'सा' आणि वरचा 'सा' वाजवून पाहायला जाणत्या माणसाला सोबत न्या.

बी-बियाणं घेताना आपण जमीन पाहतो, तसं बासरी घेताना मंडळाची पट्टी पाहा. वारकरी भजनात सूर चढा असतो. पेटीवाला काळी चारमध्ये वाजवतो आणि तुमची बासरी पांढरी पाचची, तर कितीही रियाज करा, जुळणार नाही. आधी पेटीवाल्याला विचारा, मग पैसे मोजा. मैफलीतली पांढरी तीनची बासरी साधारण 30 इंचांची असते. नवशिक्याची बोटं तिच्यावर ताणतात. पांढरी पाचच्या आसपासची मध्यम बासरी सुरुवातीला बरी.

रियाजाच्या पायऱ्या

ज्वारी पेरली की आठ दिवसांत कणीस मागत नाही, तसा वरचा सूरही घाई केल्यानं येत नाही. पुढच्या पायऱ्या एकेक करून चढा. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची धरू नका.

पहिली पायरी : मध्य पंचम लांब धरा. एका श्वासात मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत सूर हलता कामा नये. हे साधलं नसेल तर वर चढायची घाई नको.

दुसरी पायरी : सगळी भोकं बंद ठेवून मंद्र पंचम आणि मध्य पंचम यांच्यात ये-जा करा. खाली, वर, खाली, वर. बोटं हलवायची नाहीत, जिभेचा झटका द्यायचा नाही. फक्त ओठ. हा झोपाळा जितका मऊ हलेल तितका पुढचा रस्ता सोपा. रोज पाच मिनिटं तरी हाच करा.

तिसरी पायरी : तोच झोपाळा वरची तीन भोकं बंद ठेवून मध्य 'सा' आणि तार 'सा' यांच्यात. मग दोन बंद ठेवून 'रे', मग एक बंद ठेवून 'ग'. तार गंधार स्वच्छ लागेपर्यंत काही महिने गेले तरी हरकत नाही.

चौथी पायरी : प ध नी सां, सां नी ध प. वर चढताना आवाज मोठा करायचा नाही, उलट लहान ठेवायचा. वरचा 'सा' हळू वाजवता आला तरच तो आला म्हणायचा. मोठ्यानं तो कुणालाही काढता येतो.

पाचवी पायरी : एकदम उडी. मध्य 'सा' वरून थेट तार 'रे'. भजनात अशाच उड्या येतात. उडीच्या आधी ओठ तयार झालेले पाहिजेत, बोट उचलल्यावर नव्हे.

तार मध्यमाच्या पुढं तार पंचम. तिथं बोटांची ठेवण वेगळी असते आणि ती बासरीगणिक थोडी बदलते. ती जाणत्याच्या समोर बसूनच शिका.

हे सगळं पेटीच्या किंवा तानपुऱ्याच्या सुराला धरून करा. मोबाइलवर तानपुरा मिळतो, तो लावा. आधार नसला की वरचा सूर वर सरकतो आणि आपल्या कानाला ते कळत नाही. वरच्या सुरांचा रियाज एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. ओठ थकले की फट मोठी होते, मग माणूस जोर लावतो आणि चुकीची सवय पक्की होते. सुरुवातीला चक्करही येते. चक्कर आली तर बासरी खाली ठेवा, साधे श्वास घ्या. विहिरीच्या काठावर किंवा उभ्यानं हा रियाज करू नका.

थंडी आणि ऊन

कार्तिकात काकडआरतीला पहाटे बासरी पेटीला जुळत नाही, दुपारी तीच जुळते. बासरी बिघडलेली नसते. हवेचं तापमान 1 अंश सेल्सिअसनं वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरनं वाढतो. नळीतली हवा थंड असली की सूर उतरतो, तापली की चढतो. म्हणून पहाटे आरतीआधी सगळी भोकं बंद करून पाच मिनिटं मंद्र सूर वाजवा, नळी आतून गरम होऊ द्या. थंड बासरीवर वरचा सूर जोरानं ओढू नका.

बासरी उन्हात, ट्रॅक्टरच्या सीटवर, पत्र्याखाली ठेवू नका. बांबू तडकतो, आणि केसाएवढी चीर गेली तरी वरचे सूर आधी जातात. आतून अधूनमधून तेलाचा हलका बोळा फिरवा, बाहेरून दोऱ्याचे घट्ट वेढे असू द्या. बासरीतून पिठासारखी भुकटी पडताना दिसली तर भुंगा लागला आहे असं समजा आणि ती इतर बासऱ्यांपासून वेगळी ठेवा.

फवारणीचा हात ओठांना नको

ही गोष्ट माझ्या खात्याची आहे, म्हणून जरा निक्षून सांगतो. शेतात बासरी नेणारे फवारणी करतात आणि विसाव्याला बासरी ओठांना लावतात. हाताला औषध, हात बासरीला, बासरी ओठांना. बांबू सच्छिद्र असतो, औषध त्यात मुरतं, आणि नुसतं पुसून जात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. फवारणीच्या दिवशी बासरी घरीच राहू द्या. संध्याकाळी साबणानं आंघोळ करून, कपडे बदलूनच तिला हात लावा. कीटकनाशकाच्या डब्याशेजारच्या कोनाड्यात बासरी ठेवली असेल तर आजच जागा बदला.

तंबाखू-मिश्रीचंही तसंच. बार भरलेल्या तोंडानं ओठांची बारीक फट धरता येत नाही. गुटखा, सुपारीनं तर काहींचं तोंडच पुरतं उघडेनासं होतं, मग बासरी कुठली आणि भाकरी कुठली.

तालमीतल्यांचं वाद्य

बासरी हे नाजूक माणसांचं वाद्य, असा एक समज आहे. तो खरा नाही. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी मोठी, साधारण 32 इंचांची बासरी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आणली. त्यांना तरुणपणी व्यायामाची आणि मुष्टियुद्धाची आवड होती. त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती परंपरा पुढं नेली. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म 1938 साली अलाहाबादला झाला. त्यांचे वडील पैलवान, मुलानंही कुस्ती करावी ही त्यांची इच्छा. मुलगा तालमीत जायचा आणि बासरी चोरून शिकायचा. आखाड्यात कमावलेला दम पुढं बासरीला कामी आला.

याच हरिप्रसादजींची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नाव झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेले, तेव्हा आधीचं सारं बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बासरी धरायची बाजूसुद्धा बदलली, उजवीकडची डावीकडं घेतली. एवढा मोठा कलावंत पुन्हा 'सा' पासून बसतो, तर आपण महिनाभर एक पंचम घोटायला लाजायचं कारण नाही.

मित्रहो, ज्यांच्या गावात अजून एखादे जुने बासरीवाले बुवा आहेत, त्यांनी एक काम करावं. या हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापुढं बसावं. त्यांचा दम गेला असेल, पण कान गेलेला नाही. तुमची फुंकर कुठं पसरते, बोट कुठं गळतं, हे ते ऐकूनच सांगतील. आणि सप्ताहात एखाद्या पोराचा वरचा सूर फुटला तर हसू नका. कीर्तन संपल्यावर त्याला बाजूला घ्या आणि पाइपच्या तोंडावरचा अंगठा दाखवा.